सहावीपासून शाळेच्या सूचना भरपूर येतात, पण मुलीचं नेमकं काय चाललंय ते कळत नाही. आधी कुणाला भेटू?

सहावीची आई

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा सहावीत गेली. पाचवीपर्यंत जवळजवळ सगळे विषय एकच बाई शिकवायच्या. मुलगी गप्प झाली, अक्षर बिघडलं, कुणाशी बिनसलं, की बाईंच्या लगेच लक्षात यायचं. शाळा सुटताना दारात भेटल्या की दोन वाक्यांत सांगून टाकायच्या. आता दर तासिकेला शिक्षक बदलतात आणि वर्गशिक्षक सकाळी हजेरीपुरते वर्गात असतात.

शाळा काही कळवत नाही, अशी माझी तक्रार नाही. ॲपवर सूचना येतात, वर्गाच्या ग्रुपवर येतात, आठवड्याचं पत्रक ईमेलने येतं, शिवाय दैनंदिनी आहेच. कालच्या एका दिवसात काय काय आलं बघा: ग्रंथालयाची पुस्तकं परत करा, क्रीडादिनाच्या सरावाची वेळ बदलली, विज्ञानाच्या प्रकल्पाची मुदत, पालकांसाठी किशोरवयावरची कार्यशाळा, हरवलेल्या स्वेटरचा फोटो, आणि गणिताच्या जादा तासाला बसणाऱ्या मुलांची यादी. त्या यादीत माझ्या मुलीचं नाव होतं. का होतं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिला विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, सगळ्यांनाच आहे." सगळ्यांना नव्हतं. वही पाहिली तर अपूर्णांकांच्या बेरजा पानंच्या पानं खोडलेल्या आणि खोडलेल्यावर फळ्यावरचं उत्तर व्यवस्थित उतरवलेलं. वही तपासलेली आहे, खाली सहीसुद्धा आहे. उत्तर बरोबर दिसतं, म्हणून बरोबरची खूण.

दुसरी गोष्ट तिने सहज बोलता बोलता सांगितली. मधल्या सुट्टीत ती रोज ग्रंथालयात जाते. तिच्या दोन्ही जवळच्या मैत्रिणी यंदा दुसऱ्या तुकडीत गेल्या आहेत.

शाळेच्या पत्रकात "पालकांसाठी मदत" असा एक रकाना असतो. त्यात समुपदेशकांची वेळ, विशेष शिक्षकांची वेळ, जादा तास, वाचन-साहाय्य, कार्यशाळा असं सगळं आहे. यांतल्या कुणाकडे आधी जायचं? आणि मी नेमकं किती बघायचं? तिचे बाबा म्हणतात, आता अकरा वर्षांची झाली, तिचं तिला सांभाळू दे. पण ॲपवर प्रत्येक चाचणीचे गुण त्याच दिवशी मला दिसतात, आणि तिने सांगण्याआधी मला माहीत असलं की तिचा चेहरा उतरतो. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

दोन मुलांचा बाबा

सूचनांपुरतं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

आमच्या घरी एक मूल सातवीत आणि एक आठवीत आहे, म्हणजे सगळं दुप्पट. आम्ही सूचना आल्या आल्या वाचणं बंद केलं. ॲपचे आवाज बंद आहेत, फक्त गैरहजेरी आणि तातडीचे निरोप चालू ठेवले आहेत. रविवारी संध्याकाळी आठवड्याचं पत्रक मुलांबरोबर बसून वाचतो आणि तारखा भिंतीवरच्या एकाच कॅलेंडरवर लिहितो. लिहायचं मुलांनी. हे महत्त्वाचं आहे, कारण आठवीपर्यंत आपली मुदत आपण लक्षात ठेवायची सवय त्यांना व्हायला हवी.

वर्गाच्या ग्रुपवर मी काहीही विचारत नाही. गृहपाठ काय आहे हे तिथे पालकांनी विचारायचं आणि इतर पालकांनी सांगायचं, असं सुरू झालं की मुलं दैनंदिनी लिहायचीच सोडतात. आमच्या धाकट्याच्या वर्गात नेमकं हेच झालं. तुमच्या मुलीच्या अपूर्णांकांबद्दल किंवा मैत्रिणींबद्दल तर त्या ग्रुपवर चकार शब्द लिहू नका. तिथलं दुसऱ्या दिवशी वर्गात पोचतं.

गणिताच्या बाई

ताई, मी सहावी-सातवीला गणित शिकवते आणि बरीच वर्षं वर्गशिक्षिकाही आहे. सविस्तर लिहिते, कारण तुमचा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे.

तुम्हाला येतात त्या सगळ्या सूचना शाळेबद्दलच्या आहेत. तुमच्या मुलीबद्दलची माहिती त्यांत सापडणार नाही, कितीही लक्षपूर्वक वाचल्या तरी. मधल्या इयत्तांत ती माहिती सात-आठ माणसांकडे विखुरलेली असते. गणिताच्या शिक्षकांना खोडलेली वही दिसते. भाषेच्या शिक्षकांना निबंध आखूड झालेला दिसतो. खेळाच्या सरांना संघ पाडताना ती शेवटी उरते हे दिसतं. ग्रंथपालांना ती मधल्या सुट्टीत दिसते. शिक्षकांच्या खोलीत आम्ही मुलांबद्दल बोलतो, नाही असं नाही, पण जे मूल त्रास देत नाही आणि नापासही होत नाही, त्याचा विषय निघत नाही. तुमच्या मुलीसारखी शांत, नीटनेटकी वही ठेवणारी मुलं सगळ्यात उशिरा लक्षात येतात. म्हणून हे तुकडे एकत्र करून बघा, असं कुणीतरी म्हणावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

जॅकलिन एक्लिस या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक गोष्ट मांडली होती, ती मला वर्गात रोज दिसते. या वयात मुलांना स्वतः ठरवायला जास्त वाव हवा असतो आणि घराबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाचा आधारही हवा असतो. नेमक्या त्याच वर्षी शाळा मोठी होते, नियम वाढतात, शिक्षक बदलत राहतात आणि कुणा एकाशी जवळीक होईनाशी होते. अभ्यासातली गोडी या वर्षांत उतरते, त्याचा बराच भाग या विसंगतीत आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मुलगी आळशी झाली का, वयात येतेय म्हणून असं वागते का, या दिशेला एकदम जाऊ नका.

आता कुणाकडे जायचं. आधी वर्गशिक्षकांकडे, आणि एकच विनंती घेऊन: "तिच्या बाकीच्या शिक्षकांना एकदा विचारून, ती तुमच्या तासाला कशी असते, एवढं मला सांगाल का?" हे केल्याशिवाय समुपदेशकांकडे गेलात, तर त्यांनाही पहिलं काम हेच करावं लागेल. पालकसभेची वाट पाहू नका. पालकसभेत एका मुलामागे मिळणारी मिनिटं गुणपत्रिका दाखवण्यातच संपतात. स्वतंत्र वेळ मागा. ती मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यात शिक्षकांना काही वावगं वाटत नाही.

गणिताचं मात्र थेट विषयशिक्षकांशी बोला. अपूर्णांक हे साधं प्रकरण नाही. रॉबर्ट सीग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची अनेक वर्षांची माहिती तपासली. दहा-बारा वर्षांच्या मुलाला अपूर्णांक आणि भागाकार कितपत कळलेत, यावरून पुढे माध्यमिक शाळेत त्याला बीजगणित कसं जाईल याचा अंदाज येत होता. मुलाची बुद्धिमत्ता, घरची मिळकत, आईवडिलांचं शिक्षण हे सगळं हिशेबात धरल्यावरही. सहावीत हे हातून सुटलं तर आठवीत समीकरणं, गुणोत्तर, शेकडेवारी सगळंच अडतं, आणि तोवर मूल स्वतःला "मला गणित येत नाही" असं सांगून बसलेलं असतं.

घरी एक करून बघा. कागद-पेन्सिल न देता तिला विचारा: १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज साधारण किती येईल? १, २, १९ की २१? अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत हा प्रश्न १३ वर्षांच्या मुलांना विचारला होता आणि फक्त २४ टक्के मुलांनी २ हे उत्तर निवडलं. बाकीच्या बहुतेकांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे अंशात अंश मिळवला किंवा छेदात छेद. तुमची मुलगी २ म्हणाली आणि का ते सांगू शकली, तर तिला अपूर्णांक म्हणजे काय हे कळलंय, फक्त लसावि काढून बेरीज करायच्या पायऱ्या पक्क्या नाहीत. तेवढं जादा तासात होऊन जाईल. ती १९ किंवा २१ म्हणाली, तर पायऱ्या घोकून उपयोग नाही. संख्यारेषेवर १/२ कुठे, ७/८ कुठे, १ च्या जवळचा कोण, इथून सुरुवात करायला हवी. जादा तास घेणाऱ्या शिक्षकांना हे कळवा. तिला कुठून सुरू करायचं ते त्यांना कळलं, तर त्या तासाचा उपयोग होतो. नाहीतर जे वर्गात झालं तेच पुन्हा, थोडं मोठ्या आवाजात होतं. मी माझ्याच व्यवसायाबद्दल बोलतेय, पण हे खरं आहे.

तुम्ही स्वतः रोज गणित घेऊन बसावं का? माझं मत, नको. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये मधल्या इयत्तांमधल्या पालकांच्या सहभागावरचे ५० अभ्यास एकत्र तपासले. सहभागाचा मुलांच्या प्रगतीशी चांगला संबंध दिसला, अपवाद एकाच प्रकाराचा: गृहपाठात मदत करणं. सगळ्यात घट्ट संबंध दिसला तो वेगळ्याच गोष्टींशी. घरात शिक्षणाला मोल आहे हे मुलाला जाणवणं, आपल्याकडून काय अपेक्षा आहे हे कळणं, शाळेतलं शिकणं त्याच्या आवडीशी आणि पुढच्या वाटेशी जोडून बोलणं, अभ्यास कसा आखायचा हे दाखवणं. आता, ज्या मुलांना आधीच जड जातंय त्यांनाच पालक मदतीला बसतात, हेही त्या आकड्यामागे असणार. पण घरोघरी होतं काय, ते मी मुलांकडून ऐकते. आई गणित समजावायला बसते, आईची पद्धत वेगळी, शिक्षकांची वेगळी, दहा मिनिटांत आवाज चढतो, आणि ज्या माणसापाशी रडायला जायचं तेच माणूस परीक्षक होऊन बसतं. तुम्ही आई राहा. "हे मला कळत नाहीये, असं सरांना कसं सांगशील?" याचा सराव मात्र तिच्याबरोबर जरूर करा. फळ्यावरचं उत्तर उतरवून घेणाऱ्या मुलीला नेमकी त्याचीच गरज आहे.

ॲपवरच्या गुणांचं: तुम्ही तिच्याशी ठरवून टाका की चाचणीचे गुण आधी ती सांगेल. तिला दोन दिवस द्या, आणि तोपर्यंत उघडू नका, खरोखर उघडू नका. तिच्या बाबांचं म्हणणं इथे मला पटतं. मात्र तिचं तिला सांभाळू दे, म्हणजे तिला एकटीला सोडून द्या असं नव्हे. अकराव्या वर्षी मुलं गुण सांगायला शिकतात, अडचण सांगायला त्याहून उशिरा.

सहावीची आई

बाई, तुमचे आभार कसे मानू. संध्याकाळी तिला १२/१३ चा प्रश्न विचारला. बराच वेळ विचार करून "१९" म्हणाली आणि लगेच माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. मग संख्यारेषा काढून ७/८ कुठे येईल विचारलं, तर तिने ते ७ आणि ८ च्या मध्ये ठेवलं. म्हणजे तुम्ही म्हणता ते सुरुवातीपासूनचंच आहे.

आता अडचण अशी की ती म्हणते, शाळेत येऊ नकोस, कुणाला काही सांगू नकोस, मुलं मला चिडवतील. समुपदेशकांचं तर नावही काढू देत नाही. तिच्या वर्गातल्या एका मुलाला तासातून बोलावून नेलं होतं, तेव्हापासून सगळे त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात म्हणे. तिच्या पाठीमागून जाऊ का?

आणि ग्रंथालयाबद्दल कुणी काही सांगाल का? ती पुस्तकवेडी आहे हे खरं, म्हणून मी ठरवू शकत नाही.

ग्रंथपाल

ग्रंथालयाचं मी सांगते, माझा रोजचा विषय आहे.

मधल्या सुट्टीत येणारी मुलं दोन तऱ्हेची असतात आणि दोन्ही पुस्तक हातात घेऊनच बसतात. वाचायला येणारं मूल दार उघडल्यावर येतं, कधी येतं कधी येत नाही, पुस्तक संपवतं, दुसरं मागतं, आणि मैदानातून कुणी हाक मारली तर पुस्तक तसंच टाकून पळतं. आसऱ्याला येणारं मूल घंटा होताच येतं, बहुतेक पहिलंच. एकाच ठरावीक कोपऱ्यात बसतं, दाराकडे तोंड करून. पुस्तकाची पानं फारशी पुढे सरकत नाहीत. सुट्टी संपायच्या घंटेनंतरही उठायला रेंगाळतं, कारण जिन्यावरची गर्दी ओसरायला हवी असते.

तुमच्या शाळेतल्या ग्रंथपालांना विचारा. त्यांना नक्की माहीत असेल, आणि त्यांना सहसा कुणी विचारत नाही. ती कधी येते, कुठे बसते, कुणाशी बोलते, एवढं विचारा.

दुसरं, तिला ग्रंथालयात जाऊ नको असं मात्र सांगू नका. आसऱ्याला येत असेल, तर तिने स्वतःसाठी शोधलेली ती एक सुरक्षित जागा आहे. तिथूनच पुढे जाता येतं. मी अशा मुलांना पुस्तकं कपाटात लावायचं काम देते, आणि शक्यतो दोघांना मिळून देते. सातवीतली एखादी मुलगी आणि सहावीतली एक. गप्पा मारायला न लावता हातांना काम दिलं की बोलणं आपोआप सुरू होतं. तुमच्या ग्रंथपालांना असं सुचवून बघा.

मैत्रिणी दुसऱ्या तुकडीत गेल्यामुळे आलेलं एकटेपण आणि कुणी छळत असल्यामुळे आलेलं एकटेपण, या दोहोंत फरक आहे. नॉर्वेत काम केलेले डॅन ओल्व्हेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि करणाऱ्याची ताकद जास्त असते, अंगाची असो, संख्येची असो की वर्गातल्या वजनाची. यातलं काही दिसलं तर ते मैत्रीचं भांडण समजून मुलींवर सोडू नका. तेव्हा तारीखवार लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या.

वाचायला वेळ लागणाऱ्या मुलाची आई

आमचा मुलगा आठवीत आहे. त्याची वाचनाची अडचण सहावीत उघड झाली. तोपर्यंत धडे लहान होते, चित्रं होती, पाठ करून निभावून गेलं. सहावीत इतिहास-विज्ञानाचे लांब परिच्छेद आले आणि तो रोज डोकं दुखतं म्हणून शाळा चुकवायला लागला. डोळे तपासले, ते ठीक होते. तुम्हीही आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं नीट न दिसणं या वयात अनेकदा नव्याने सुरू होतं आणि मुलांना स्वतःला कळत नाही.

तुमच्या मुलीला वाचायची आवड आहे, त्यामुळे आमच्यासारखं असेल असं मी म्हणत नाही. पण बाईंनी सांगितलेल्या पद्धतीने, अगदी पायापासून, नियमित शिकवूनही संख्यांचा अंदाज येत नसेल, लहान-मोठं ठरवताना अडत असेल, घड्याळ किंवा सुटे पैसे मोजताना गोंधळ होत असेल, तर विशेष शिक्षकांकडून तपासणी करून घ्या. घाई नको, पण वर्ष घालवूही नका.

तपासणी मागायची तर लेखी मागा. तोंडी विनंती विसरली जाते, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पत्रावर तारीख घाला, कधीपर्यंत कळवाल ते विचारा, एक प्रत स्वतःकडे ठेवा. मी एक साधी फाईल केली होती: वह्यांची काही पानं, चाचण्या, शिक्षकांचे शेरे, डॉक्टरांचे कागद. दर वर्षी शिक्षक बदलले की तीच फाईल पुढे करते. पुन्हा पहिल्यापासून कहाणी सांगावी लागत नाही. मुलालाही ते बरं वाटतं, कारण त्याच्यासमोर "याला काय होतंय" ही चर्चा दर जूनमध्ये नव्याने होत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगते. निदान झालं त्या संध्याकाळी माझा मुलगा म्हणाला, "म्हणजे मी मठ्ठ नाही ना?" तो कितीतरी दिवस ते मनात घेऊन फिरत होता. तुमच्या मुलीच्या मनात काय चाललंय ते तिला आजच विचारा, तपासणी, गुण, जादा तास सगळं बाजूला ठेवून.

गणिताच्या बाई

ग्रंथपाल बाईंनी सांगितलेलं कोपऱ्याचं आणि दाराकडे तोंड करून बसण्याचं मी उद्या आमच्या शाळेतही पाहणार आहे.

ताई, पाठीमागून जाऊ नका. या वयात मुलांना ते कळतंच, आणि मग पुढच्या अडचणी सांगणं बंद होतं. पण जायचं की नाही हा निर्णयही तिच्यावर टाकू नका, तो तुमचा आहे. तिला सांगा: "मी सरांशी बोलणार आहे. काय सांगायचं, काय नाही, आणि कुठे भेटायचं, हे आपण दोघी ठरवू." शाळा सुटल्यावर भेटा किंवा फोनवर बोला, म्हणजे वर्गातल्या कुणाला दिसणार नाही. तिला तासातून उठवून नेऊ नका, ही अट तुम्ही स्पष्ट घालू शकता. समुपदेशकांनाही तीच अट घालता येते. चांगले समुपदेशक पहिल्या भेटीला मुलाला बोलावतच नाहीत, आईवडिलांशी बोलतात, आणि मुलाला कसं भेटायचं ते मग ठरवतात. समुपदेशकांशी बोललेलं गुप्त राहतं, पण मुलाच्या जिवाला धोका असेल तर ते मोठ्यांना सांगावंच लागतं. हे तिला आधीच सांगितलेलं बरं.

समुपदेशक कधी? झोप उडाली, खाणं बदललं, शाळेच्या दिवशी सकाळी पोट किंवा डोकं दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, पूर्वी आवडायचं ते आवडेनासं झालं, आणि हे दोनेक आठवडे टिकलं, तर थांबू नका. स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही ती बोलली, तर आठवडे मोजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी बोला. तुम्ही लिहिलंय त्यावरून आज तसं काही दिसत नाही, पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी असू शकतं.

जाता जाता झोपेचंही विचारते, कारण ते कुणीच विचारत नाही. निद्रातज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०१६ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास. वयात येताना शरीराची झोपेची वेळच रात्री पुढे सरकते, शाळेची घंटा मात्र तिथेच असते. पहिल्या तासिकेला माझ्यासमोर अर्धी झोपलेली मुलं बसतात आणि नेमकं त्याच तासिकेला गणित असतं. तिचा गणिताचा तास कधी असतो, तेही वेळापत्रकात बघा.

सहावीची आई

काल रात्री दिवा मालवल्यावर तिच्याशी बोलले. अंधारात तिला बोलणं सोपं जातं. कुणी छळत नाही म्हणाली. पण मधल्या सुट्टीत सगळ्यांचे गट आधीच ठरलेले असतात आणि "मी जाऊन उभी राहिले तर त्या बोलायच्या थांबतात" असं म्हणाली. अपूर्णांकांबद्दल म्हणाली, पाचवीत ती आजारी होती तेव्हा वर्गात ते शिकवून झालं, आणि नंतर विचारायला लाज वाटली.

ईमेल आम्ही दोघींनी मिळून लिहिली आहे. पाठवण्याआधी बाई, एकदा बघाल का?

"सर, नमस्कार. सहावीत आल्यापासून मुलीला अपूर्णांक समजायला जड जात आहेत. घरी पाहिलं तर तिला संख्यारेषेवर अपूर्णांक दाखवता येत नाहीत. तिला वर्गात कृपया जास्त प्रश्न विचारावेत, म्हणजे तिची भीती जाईल. जादा तासात पायापासून सुरुवात करता येईल का? मधल्या सुट्टीत ती बहुधा एकटी असते. तिच्या इतर शिक्षकांना आणि ग्रंथपालांना विचारून ती त्यांच्या तासाला कशी असते ते कळवाल का? शाळा सुटल्यानंतर भेटायला मी कोणत्याही दिवशी येऊ शकते. तिला तासातून बोलावू नये, ही तिची आणि माझी विनंती आहे."

गणिताच्या बाई

छान लिहिलीय. तिसरं वाक्य काढा. वर्गासमोर जास्त प्रश्न विचारले तर भीती जाणार नाही, वाढेल. त्याऐवजी लिहा: "कळलं नाही हे सांगण्यासाठी तिला हात वर न करता काही खूण ठरवून द्याल का?" मी माझ्या वर्गात वहीच्या कोपऱ्यात छोटा गोल काढायला सांगते, फिरताना मला तो दिसतो.

आणि पाचवीत आजारी असताना अपूर्णांक राहून गेले, ते जरूर घाला. शिक्षकांच्या दृष्टीने ती सगळ्यात कामाची ओळ आहे. एखादा भाग राहून गेलाय म्हटलं की तो भरून काढायचा एवढंच काम उरतं. चार-पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा, दुसरी ईमेल नको.

सहावीची आई

दोन्ही बदल केले आणि आत्ताच पाठवली. खूण काय ठेवायची ते तिने ठरवलंय, गोल नको म्हणाली, छोटा त्रिकोण. उत्तर आलं की इथे कळवते.